शिवणघरांतले खेळगडी

वाङ्मयीन मंडळांचा इतिहास बहुतेक ठिकाणीं भांडणांचा इतिहास असतो. आरंभीं जाहीरनामा निघतो, मग मासिक निघतें, मग मासिकाच्या मालकीवरून दोन तट पडतात, आणि ज्या मित्रांनीं एका पंक्तीस जेवून मंडळाचें नांव ठरविलेलें असतें ते कांहीं वर्षांनीं रस्त्यांत समोरासमोर आले तरी एकमेकांस ओळख देत नाहींत. असल्या मंडळांच्या हकीकती वाचून ज्यांस कंटाळा आला असेल त्यांच्यापुढें आज आम्ही एका निराळ्या मंडळाची हकीकत ठेवीत आहों. हें मंडळ पॅरिसचें आहे. १९६० सालीं तें स्थापन झालें, आणि साठांहून अधिक वर्षें लोटलीं तरी तें मोडलेलें नाहीं. त्याच्या मासिक सभेच्या वृत्तांतांत हजर सभासदांचीं नांवें लिहितात, कामामुळें न आलेल्यांचीं लिहितात, आणि त्यानंतर, मृत्यूमुळें ज्यांची गैरहजेरी क्षम्य ठरविली आहे अशा सभासदांचीं नांवें लिहितात. मेलेला सभासद हा सभासदच राहतो. त्याला सभेस येणें जमत नाहीं, इतकेंच.

मंडळाचें नांव 'ऊलिपो'. हा मुळांत तीन फ्रेंच शब्दांच्या आद्याक्षरांचा जोड आहे, आणि त्याचा अर्थ 'संभाव्य वाङ्मयाची कार्यशाळा' असा सांगतां येईल. पण 'कार्यशाळा' या शब्दानें मूळ शब्दांतली गंमत हरवते. 'ऊव्ह्रवार' म्हणजे जेथें बायका एकत्र बसून शिवणकाम करतात ती खोली. विशेषतः मठांतून वा धर्मादाय संस्थांतून गोरगरिबांसाठीं कपडे शिवले जात ती. तेव्हां आम्ही तिला शिवणघर म्हणतों. येथें कपड्यांऐवजीं वाङ्मयाचे बेतणीचे कागद तयार होतात. कापड ज्याचें त्यानें आणावें आणि ज्याला हवें त्यानें बेतावें. 'संभाव्य' या विशेषणाचा रोख तोच आहे. मंडळास काव्यें लिहावयाचीं नसून काव्यें लिहितां येतील असे नियम शोधावयाचे आहेत, आणि सांपडलेला नियम कोणाच्याहि मालकीचा राहत नाहीं.

सभासद होण्याची रीतहि ऐकण्यासारखी आहे. 'मला सभासद करून घ्या' असें जो म्हणेल तो कायमचा अपात्र ठरतो. ज्याच्यावर मंडळाचा डोळा असेल त्यास आधीं पाहुणा म्हणून एका सभेस बोलावतात. एकदां आंत आलेल्या माणसास राजीनामा देतां येत नाहीं. सुटकेचा एकच मार्ग नियमांत ठेवला आहे: न्यायालयाच्या अधिकाऱ्यासमक्ष, आपण हें मंडळातून बाहेर पडण्यासाठींच करीत आहों असें स्पष्ट नमूद करून, आत्महत्या करावी. आजवर हा मार्ग कोणीं पत्करलेला नाहीं. सभा महिन्यास एकदां भरते, जेवण होतें, आणि कार्यक्रमपत्रिकेंत 'निर्मिति', 'विद्वत्ता' अशा भारदस्त सदरांबरोबर 'रवंथ' असेंहि एक सदर असतें. अर्धवट चघळलेल्या कल्पना तेथें मांडावयाच्या.

हा सारा थट्टेचा मामला वाटेल, आणि आहेहि. परंतु हे नियम करणारीं माणसें पाहिलीं म्हणजे थट्टेच्या मागें काय आहे हें ध्यानीं येतें. मंडळाच्या दोन संस्थापकांपैकीं रेमाँ केनो (१९०३–१९७६) हा तरुणपणीं आंद्रे ब्रतोंच्या अतिवास्तववादी गोटांत होता. हा गोट प्रतिभेनें संपन्न, पण बहिष्काराच्या बाबतींत आमच्या जुन्या पंचायतींनाहि मागें टाकणारा. ब्रतोंची मर्जी गेली कीं माणूस पंक्तीबाहेर. केनो आणि ब्रतों हे तर साडू होते. १९२९ सालीं दोघांचें बिनसलें, आणि १९३० सालीं ब्रतोंविरुद्ध जें जळजळीत पत्रक निघालें त्यांत साडूंचाहि लेख होता. तीस वर्षांनीं याच केनोनें असें मंडळ काढलें कीं ज्यांतून कोणाला काढतांच येत नाहीं आणि कोणाला निघतांच येत नाहीं. जुन्या जखमेवर बांधलेली ही पट्टी आहे असें आम्हांस वाटतें. नियम विनोदी केले म्हणून ते पाळतांना कोणाचा मान दुखावत नाहीं, आणि पाळले गेले म्हणून मंडळ टिकलें.

दुसरा संस्थापक फ्रांस्वा ल लिओने (१९०१–१९८४) हा शिक्षणानें रसायनशास्त्रज्ञ, आवडीनें गणिती आणि बुद्धिबळाचा पंडित. दुसऱ्या महायुद्धांत तो जर्मनांविरुद्धच्या गुप्त चळवळींत होता. १९४४ सालीं पकडला गेला आणि डोरा येथील छळछावणींत पोंचला. डोरा म्हणजे डोंगराच्या पोटांतले बोगदे. तेथें कैद्यांकडून जर्मनांचे व्ही-२ अग्निबाण बनवून घेत, आणि कैदी हजारांनीं मरत. तेथील एका प्रसंगावर ल लिओनेनें १९४६ सालीं एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. हजेरीसाठीं कैद्यांस तासन् तास उभें ठेवीत. त्या वेळांत तो शेजारच्या एका तरुण कैद्यास आपण पाहिलेलीं थोर चित्रें वर्णन करून सांगे. अमक्या कोपऱ्यांत काय आहे, मागच्या खिडकींतून कोणती नदी दिसते, वस्त्राचा पदर कसा पडला आहे, असें एकेक बारकाव्यानिशीं. चित्र समोर नाहीं, कागद नाहीं, उद्यांची खात्री नाहीं. केवळ स्मरणाच्या बळावर दोन माणसें एक चित्र मनांत पुरें करीत आहेत. पुढें मंडळांत ज्याला 'खेळ' म्हणूं लागले त्याचें हें पहिलें रूप आहे. ज्याला हा खेळ पोरकटपणाचा वाटतो त्यानें हा निबंध अवश्य वाचावा.

मंडळाच्या जन्माचें निमित्त मात्र हलकेंफुलकें होतें. केनोनें दहा सुनीतें लिहावयास घेतलीं होतीं. दहाहि सुनीतांचीं यमकें एक, वाक्यांची ठेवण अशी कीं कोणत्याहि सुनीताची पहिली ओळ, दुसऱ्या कोणाची दुसरी, तिसऱ्या कोणाची तिसरी अशा चौदा ओळी जुळविल्या तरी एक धड सुनीत उभें राहावें. मध्येंच तो थकला आणि मित्राकडे गेला. मित्रानें धीर दिला. आणि त्या बोलण्यांतून २४ नोव्हेंबर १९६० रोजीं पॅरिसमधील एका खाणावळींत मंडळाची पहिली बैठक झाली. सुनीतांचें पुस्तक १९६१ सालीं निघालें. प्रत्येक पान ओळीओळीनें कापून पट्ट्या केलेल्या. हव्या त्या उलटाव्यात. एकूण सुनीतें किती होतात? एक कोटीस एक कोटीनें गुणल्यास येईल इतकीं. वाचावयास ४५ सेकंद आणि पट्ट्या उलटावयास १५ सेकंद धरले, आणि अहोरात्र वाचीत बसलें, तर पुस्तक संपावयास १९,०२,५८,७५१ वर्षांहून अधिक काळ लागेल, असा हिशेब स्वतः केनोनेंच देऊन ठेवला आहे. कोणाहि वाचकानें उचललेलें सुनीत हें त्याच्याआधीं बहुधा कोणीं वाचलेलें नसतें, खुद्द कवीनेंहि नाहीं. आमच्या मतें या पुस्तकाचा खरा चमत्कार येथें आहे. कवि आणि वाचक दोघेहि त्या ओळींपुढें सारखेच नवखे. मात्र त्यांतलें एखादें सुनीत स्वतंत्रपणें मनांत घर करून राहतें काय, असें विचाराल तर आमचें उत्तर नकारार्थीं आहे. पुस्तकाची कल्पना पुस्तकापेक्षां मोठी झाली आहे, आणि हा दोष या मंडळाच्या बऱ्याच कृतींत पुढेंहि दिसतो.

येथें आमचा संस्कृतज्ञ वाचक मान हलवून म्हणेल कीं, हें तर आमच्याकडचें चित्रकाव्य! मम्मटानें चित्रकाव्यास अधम ठरवून हा वाद नऊशें वर्षांपूर्वींच निकालांत काढला आहे. भारवीनें 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गांत एकाच व्यंजनावर श्लोक रचला. विद्यार्थी अजून तो पाठ करतात, आणि तो ऐकून कोणाच्या डोळ्यांस पाणी आल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, पण अर्धाच. दण्डीच्या 'दशकुमारचरितां'त सातव्या उच्छ्वासांतील मंत्रगुप्त आपली सारी कथा एकहि ओष्ठ्य वर्ण न उच्चारतां सांगतो. कां? तर प्रियेच्या दंतक्षतांनीं त्याचे ओठ दुखावले आहेत, त्यास ओठ मिटवत नाहींत. येथें नियम वरून लादलेला नाहीं. सांगणाऱ्याच्या देहावर जें घडलें तेंच भाषेवर उमटलें आहे. वर्ण गाळले म्हणून चमत्कार होत नाहीं. ते कां गाळले हें कथेनें सांगितलें म्हणून होतो. ऊलिपोचा ज्येष्ठ सभासद झाक रूबो, जो कवि आणि गणिताचा प्राध्यापक असा दोन्ही होता, त्याचें एक सूत्र असें कीं नियमानें लिहिलेल्या कृतीनें त्या नियमाविषयींच बोलावें. दण्डीस हें ठाऊक होतें. भारवीच्या त्या श्लोकास ठाऊक नव्हतें. अधम आणि उत्तम यांच्यामधली रेघ आम्ही तेथें ओढूं.

आपल्या मोरोपंतांचा (१७२९–१७९४) या दृष्टीनें पुन्हां विचार व्हावा असें आम्हांस फार दिवस वाटत आहे. त्यांच्या अष्टोत्तरशत रामायणांकडे शब्दांची कसरत म्हणून पाहण्याची आमच्या टीकाकारांस सवय झाली आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांस तें विशेषण शोभतेंहि. पण 'निरोष्ठ रामायण' हें नांवच घटकाभर मनांत घोळवून पाहावें. 'म' हा ओष्ठ्य वर्ण. जें रामायण ओठ न मिटतां म्हणावयाचें त्यांत 'राम' हें नांव येऊंच शकत नाहीं! ज्याच्या नांवासाठीं सारा खटाटोप, तेंच नांव वर्ज्य. भक्तीच्या शास्त्रांत याला काय म्हणतात तें जाणत्यांनीं सांगावें. आम्हांस तरी ती निव्वळ कसरत वाटत नाहीं. ऊलिपोचीं माणसें पूर्वीच्या काळीं आपल्याच वाटेनें गेलेल्या कवींस 'आगाऊ वाङ्मयचोर' म्हणतात. म्हणजे आमच्या कल्पना आमच्या जन्माआधींच चोरणारे. मराठींतला 'आगाऊ' हा शब्द या पदवीस किती चपखल बसतो! बारामतीच्या पंतांस ती मिळाली असती तर त्यांनीं तिच्यावरहि एक आर्या रचली असती.

आतां मंडळाच्या ज्या सभासदामुळें हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे वळूं. झॉर्ज पेरेक १९३६ सालीं पॅरिसमध्यें जन्मला. आईबाप पोलंडांतून आलेले गरीब ज्यू. बाप फ्रान्सच्या बाजूनें लढावयास स्वतः होऊन गेला आणि जून १९४० मध्यें जखमी होऊन मेला. आईनें मुलास पॅरिसबाहेर सुरक्षित धाडलें. ती मागें राहिली, पकडली गेली, आणि फेब्रुवारी १९४३ मध्यें तिला आउश्वित्झकडे नेणाऱ्या गाडींत कोंबण्यांत आलें. त्यापुढें तिचें काय झालें याचा कागद नाहीं. १९४७ सालीं सरकारनें दिलेला जो दाखला आहे तो मृत्यूचा नव्हे, 'दिस्पारिस्यों'चा. म्हणजे नाहींसें झाल्याचा. मुलगा वडिलांच्या बहिणीकडे वाढला.

१९६७ सालीं पेरेक ऊलिपोंत आला, आणि १९६९ सालीं त्याची कादंबरी निघाली: 'ला दिस्पारिस्यों'. तीनशें पानांच्या या कादंबरींत 'ई' हें अक्षर एकदांहि येत नाहीं. फ्रेंच भाषेंत तें सर्वांत अधिक वापरलें जाणारें अक्षर. त्याच्यावांचून साधें वाक्य लिहिणें म्हणजे एका पायावर पर्वती चढणें. कादंबरीचा नायक नाहींसा होतो. त्याला शोधणारे एकामागून एक मरतात. कांहीं तरी हरवलें आहे हें सर्वांस जाणवतें पण काय हरवलें आहे तें कोणासच बोलतां येत नाहीं, कारण बोलण्याचें साधनच हरवलें आहे. प्रकरणांस सव्वीस आंकडे दिलेले, पण पांचवें प्रकरण नाहीं. 'ई' हें वर्णमालेंतलें पांचवें अक्षर. हें पुस्तक पेरेकनें बरेचसें नॉर्मंडींत, आंदे येथील एका जुन्या पाणचक्कीच्या घरीं राहून लिहिलें. तेथें लेखक-कलावंतांचा राबता असे, आणि जेवणाच्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकास तो या खेळांत ओढी. कोणीं वाक्य द्यावें, कोणीं उतारा द्यावा, 'ई' मात्र नको. मित्रांनीं दिलेले तुकडे पुस्तकांत आहेत. एका अनाथाचें दुःख सांगणारें पुस्तक असें पंक्तींत हंसत-खेळत, चार जणांच्या हातभारानें तयार झालें, ही गोष्ट आम्हांस विलक्षण वाटते.

दुःख कसें तें सांगावयास हवें, कारण फ्रेंच न जाणणाऱ्यास तें सहज दिसणार नाहीं. फ्रेंचमध्यें 'बाप' आणि 'आई' या दोन्ही शब्दांत 'ई' आहे. 'आईबाप', 'कुटुंब' यांतहि आहे. लेखकाच्या स्वतःच्या नांवांत आणि आडनांवांत आहे. 'मृत्यु' या शब्दांत मात्र नाहीं. म्हणजे या भाषेंत मरण लिहितां येतें, आई लिहितां येत नाहीं.

हें नुसतें वाचून पटेना म्हणून आम्हीं एके संध्याकाळीं घरांत हाच खेळ मराठींत करून पाहिला. मराठींत 'ई' गाळून फारसें बिघडत नाहीं. तिच्या जागीं 'आ' घ्यावा. तेव्हां नियम असा केला: आकार नको, काना नको, आणि ज्यांत काना असतो तो ओकार-औकारहि नको. पहिल्या पांच मिनिटांतच 'आहे' गेलें, 'नाहीं' गेलें, 'होतें' गेलें. 'मला' आणि 'माझें' गेलें. मंडळी हंसूं लागली. मग घरांतलीं माणसें जाऊं लागलीं. आई गेली, बाबा गेले. आजी, आजोबा, दादा, ताई, काका, मामा, मावशी, सारीं एका दमांत गेलीं. आत्याहि गेली, जी पेरेकला तरी उरली होती. हांक मारतां येईल असें एकच नातें उरलें: वहिनी! वहिनींस याचा फार आनंद झाला. 'वडील' आणि 'जननी' हे शब्द चालतात, पण कोणत्या घरांत कोणीं 'अहो जननी' म्हणून हांक मारली आहे? बराच वेळ झगडून आम्हीं चार वाक्यें जुळविलीं, तीं जशींच्या तशीं देतों:

नदी भरली. गुरें टेकडीवर नेलीं. जननी मुलीसह छपरींत बसली, वीज कडकडली. नंतर घर नव्हतें, छपरी नव्हती, कुणी कुणी नव्हतें.

यांत वाङ्मयगुण शोधूं नये. पण लिहितांना जें अनुभवास आलें तें सांगण्यासारखें आहे. 'आई' लिहावयाचें म्हणून हात पुढें जाई आणि मागें घ्यावा लागे. तिच्या जागीं 'जननी' हा पोथींतला थंड शब्द बसवावा लागे. आणि प्रत्येक वेळीं ती जागा रिकामी आहे हें नव्यानें कळे. हंसण्यानें सुरू झालेली बैठक शेवटीं थोडी गप्प झाली. चार वाक्यांत ही गत. पेरेकनें तीनशें पानें असा हात मागें घेतला आहे. आई-बापांवर करुण काव्य लिहिणारास त्यांचीं नांवें पुनःपुन्हां घेतां येतात, आणि घेतल्यानें जीव हलका होतो. त्यानें तेंहि सुख स्वतःस ठेवलें नाहीं. आणि तरीहि पुस्तक रडकें नाहीं. तें विनोदी, चहाटळ, रहस्यकथेसारखें धांवतें आहे, इतकें कीं एका टीकाकारानें 'ई' नसल्याचें ध्यानांतच न येतां त्याचें परीक्षण लिहिलें अशी त्याची ख्याति आहे. त्या टीकाकारास हंसण्यापूर्वीं आम्हां टीकाकारांनीं आपापलीं परीक्षणें चाळावींत हें बरें.

पेरेकची सर्वांत मोठी कृति मात्र ही नव्हे. १९७८ सालीं निघालेली 'ला व्ही मोद दांप्ल्वा', म्हणजे 'जीवन: वापरण्याची रीत', ही ती होय. पॅरिसमधलें एक भाड्याचें बिऱ्हाडांचें घर. त्याची दर्शनी भिंत काढून टाकली आहे असें समजावें. मग दिसणाऱ्या खोल्यांचा दहा गुणिले दहा असा पट. आणि लेखणी त्या पटावर बुद्धिबळांतल्या घोड्याच्या चालीनें, एका घरांत दोनदां न जातां, फिरते. प्रत्येक घराचें एक प्रकरण. खोल्यांतलीं माणसें, त्यांच्या आधीं राहून गेलेलीं माणसें, भिंतीवरचीं चित्रें, फडताळांतलीं भांडीं, यांच्या शेंकडों कथा. जो आमच्याकडच्या चाळींत वाढला आहे त्यास हें पुस्तक परकें वाटूं नये. जिन्यावर कोणाची चप्पल वाजली हें न पाहतां ओळखणारा वाचक याचा खरा अधिकारी. या घरांत बार्टलबूथ नांवाचा एक श्रीमंत इंग्रज राहतो. त्यानें दहा वर्षें जलरंग शिकण्यांत घालविलीं, वीस वर्षें जगभर हिंडून पांचशें बंदरांचीं चित्रें काढलीं, तीं शेजाऱ्याकडून लांकडाच्या तुकड्यांचीं कोडीं करून घेतलीं, आणि आतां वीस वर्षें तीं कोडीं सोडवून प्रत्येक चित्र जेथें काढलें त्या बंदरीं पाठवून कोऱ्या कागदापर्यंत धुवून टाकावयाचें असा त्याचा संकल्प आहे. मागें कांहींच उरूं नये. तो पुरा होत नाहीं. २३ जून १९७५ च्या संध्याकाळीं, चारशें एकोणचाळिसावें कोडें पुढ्यांत असतां, बार्टलबूथ मरतो. उरलेल्या एकमेव भोंकाचा आकार एक्स या अक्षराचा, आणि त्याच्या हातांतल्या तुकड्याचा आकार डब्ल्यूचा.

आणि नियम? शंभर घरांचीं प्रकरणें शंभर व्हावयास हवीं होतीं, आहेत नव्याण्णव. तळघराचें एक घर गाळलें आहे. नियम कडक पाळणाऱ्यानें तो एके ठिकाणीं मुद्दाम मोडला, आणि त्या मोडलेल्या जागेंतून घरांत वारा येतो. ज्यास भारवीचा श्लोक आणि ही कादंबरी यांतलें अंतर एका वाक्यांत हवें असेल त्यास आम्ही हें तळघर दाखवूं. पुस्तक केनोच्या स्मृतीस अर्पण केलेलें आहे. तो दोन वर्षांपूर्वीं वारला होता. पेरेक स्वतः मार्च १९८२ मध्यें गेला. शेहेचाळीस पुरीं व्हावयास चार दिवस उरले होते.

मंडळाचे दोष झांकण्याची आमची इच्छा नाहीं. त्याच्या पुष्कळ करामती एकदांच करण्याच्या लायकीच्या आहेत. झाँ लेस्क्यूरनें काढलेली एक युक्ति प्रसिद्ध आहे: एखादा उतारा घ्यावा, त्यांतलें प्रत्येक नाम काढून शब्दकोशांत त्याच्यापुढें सातवें जें नाम असेल तें तेथें घालावें. पहिल्या उताऱ्यास पोट धरून हंसूं येतें, दुसऱ्यास स्मित येतें, तिसऱ्यास जांभई. पाककृतींच्या वहीवरून जेवणाची परीक्षा करावी लागावी, तसें या मंडळाच्या कित्येक पुस्तकांचें होतें. इतालो काल्व्हिनो १९७३ सालीं सभासद झाला. १९७९ सालची त्याची कादंबरी, जींत वाचकच नायक आहे आणि दहा कादंबऱ्या सुरू होऊन मध्येंच तुटतात, ती आम्हांस बुद्धीनें फार आवडली, पण पाचव्या-सहाव्या तुटक कादंबरीशीं आमचें कुतूहल थोडें दमलें हें कबूल केलें पाहिजे. आणखी एक. शिवणघर हें मुळांत बायकांचें. पण या शिवणघरांत पहिली स्त्री, मिशेल मेतैल, आली ती १९७५ सालीं, म्हणजे पंधरा वर्षांनंतर. एवढ्या नियमांत हा एक नियम कोणीं लिहून ठेवलेला नव्हता, तरी तोच सर्वांत काटेकोर पाळला गेला.

तो सुटल्यावर जें आंत आलें त्याचा एक नमुना देऊन आटोपतों. आन गारेता ही २००० सालीं सभासद झाली. मंडळाच्या स्थापनेनंतर जन्मलेली ती पहिली सभासद. तिची 'स्फिंक्स' ही कादंबरी १९८६ सालची, म्हणजे मंडळांत येण्याआधींची. ती एक प्रेमकथा आहे, आणि सांगणारी व्यक्ति व तिची प्रिय व्यक्ति यांपैकीं कोण स्त्री, कोण पुरुष, हें सबंध पुस्तकांत एकाहि शब्दानें कळत नाहीं. फ्रेंचमध्यें विशेषणें आणि भूतकाळीं धातुसाधितें लिंग सांगून टाकतात, म्हणून तेथें हें अवघड. इंग्रजींत तें पुस्तक २०१५ सालीं आलें, आणि भाषांतरकर्त्रीस निराळीं विघ्नें आलीं. मराठींत काय होईल? आमचें क्रियापदच 'गेला' कीं 'गेली' हें विचारल्यावांचून पाऊल टाकीत नाहीं. 'मी जातों' कीं 'मी जातें' एवढ्यावर सारें उघडें पडतें. तरी 'मला वाटलें', 'मला दिसलें', 'माझ्यानें राहवेना', 'आम्ही जाऊं' अशा पळवाटा आमच्या भाषेंत आहेत, आणि त्या वाटांनीं दोनशें पानें चालत जाणारा कोणी तरुण लेखक निघाला तर मराठी वाक्याच्या कोणत्या कोपऱ्यांत काय दडलेलें आहे तें आम्हां सर्वांस कळेल. ज्यांस तितका धीर नाहीं त्यांनीं केनोच्या 'शैलीचे पाठ' (१९४७) या छोट्या पुस्तकापासून आरंभ करावा. बार्बरा राइटचें त्याचें इंग्रजी भाषांतर मिळतें. पॅरिसच्या बसमध्यें एका लांब मानेच्या तरुणाचें शेजाऱ्याशीं भांडण होतें, आणि दोन तासांनीं तोच तरुण स्टेशनापाशीं दिसतो. मित्र त्यास कोटाला आणखी एक बटण लावावयास सांगत असतो. एवढीच गोष्ट, नव्याण्णव तऱ्हांनीं. रात्रीं जेवणें झाल्यावर मोठ्यानें वाचावें, आणि शंभरावी तऱ्हा घरांतल्या धाकट्यास करावयास सांगावी.